उस्ताद अमीर खाँ आमचे नाहीत काय?

हिंदुस्थानी संगीतावरची चार पुस्तके समोर ठेवा आणि इंदूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अमीर खाँ यांचे जन्मगाव शोधा. एका पुस्तकात अकोला सापडेल, दुसऱ्यात हरियाणातले कलानौर. 1912 या सालावर बहुतेकांचे एकमत आहे, गावावर नाही. कलानौर हे त्यांच्या पूर्वजांचे गाव. अकोला हे आपल्या वऱ्हाडातले, कापसाच्या बाजारपेठेचे गाव. एका सारंगियाचा पोरगा नेमका कुठे जन्मला, याची नोंद ठेवावी असे त्या काळी कोणाला वाटले नाही, हे आम्ही समजू शकतो. पण त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत वऱ्हाडातल्या मुसलमानांनी हा प्रश्न किती वेळा विचारला? अकोल्याच्या किती घरांत, किती मदरशांत, किती उर्दू-मराठी शाळांत हे नाव घेतले गेले?

आम्ही अकोल्याची वकिली करायला बसलेलो नाही. उद्या एखाद्या जुन्या वहीतून कलानौरच खरे ठरले तर ते आम्ही निमूट मान्य करू. खोट्या अभिमानाने कुठल्याही समाजाचे भले झालेले नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या माणसाने विसाव्या शतकातल्या ख्यालाची चाल बदलली, तो आपल्या मातीत जन्मला असण्याची शक्यता आहे, आणि तरीही आपल्याला काही वाटत नाही. वऱ्हाडातल्या मौलवीसाहेबांना वाटत नाही, मराठी संगीतरसिकाला वाटत नाही आणि स्वतःला मुस्लिम मराठी लेखक म्हणवणाऱ्या आम्हालाही वाटत नाही. या तिघांशी आमचे भांडण आहे. तिसऱ्याशी सर्वांत जास्त, कारण तो घरातला आहे.

भांडणाला एक निमित्त झाले, ते सांगितले पाहिजे. अमरावतीत आमच्या ओळखीच्या एका घरात नववीतली मुलगी व्हायोलिन शिकत होती. वाद्य जुने, कोणीतरी दिलेले. शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे ती तासभर जाऊन बसे. यमन आणि भूप इथपर्यंत तिची मजल गेली होती. एके दिवशी नात्यातले एक वडीलधारे घरी आले आणि म्हणाले, ‘‘लड़की के हाथ में बाजा? घर की बरकत चली जाएगी, भाईजान.’’ बापाने वाद काढला नाही. त्याने व्हायोलिन कपाटावर ठेवले. त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलनाची यादी तयार होत होती. मुलीने आपले नाव दिले होते. यादी करणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, ‘‘अगं, तुम्ही मुली छान कव्वाली बसवा ना. शास्त्रीय आपल्याकडे दुसऱ्या मुली करताहेत.’’ बाई वाईट नव्हत्या. वडीलधारेही वाईट नव्हते. पण एका आठवड्यात त्या पोरीला दोन्ही दारांवरून परत पाठवण्यात आले. घरात सांगितले गेले की हे मुसलमानाचे नाही. शाळेत सांगितले गेले की हे मुसलमानाचे नाही. इतर कोणत्याही बाबतीत एकमत न होणारी ही दोन घरे या एका गोष्टीवर एकमताने बोलली.

आता हे खरे की खोटे, ते पाहू.

पहिले दार धर्माचे. संगीत हलाल की हराम, हा वाद हजार वर्षांचा आहे आणि तो आम्ही या चार पानांत मिटवणार नाही. अनेक उलेमांनी वाद्यांना मनाई केली आहे, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ज्याच्या मनाला ते पटते त्याने वाद्याला हात लावू नये. त्याच्याशी आमचे काही वैर नाही. आमचा आक्षेप दुसराच आहे. या प्रश्नावर इस्लामच्या पोटातच वाद आहे, ही गोष्टच आमच्यापासून लपवली जाते. इमाम गझालींनी ‘इह्या’त समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि अटी घालून त्याला वाट दिली, हे जुम्म्याच्या किती बयानांत ऐकायला मिळते? ख्वाजा निजामुद्दीन औलिया यांना समाअच्या प्रश्नावरून तुघलकाच्या दिल्लीत उलेमांसमोर उभे राहावे लागले आणि तरी त्यांनी समाअ सोडली नाही. त्यांचेच खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनेत आले आणि 1337 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची मजार आपल्या खुलदाबादेत आहे. समाअची त्यांना इतकी ओढ होती की त्यांच्या मुरीदांच्या समाअची रीतच बुऱ्हानी म्हणून ओळखली गेली. म्हणजे महाराष्ट्रातला इस्लाम ज्या वाटेने आला, त्या वाटेवर सूर होता. आज ज्यांना तो नको आहे, त्यांनी तसे जरूर म्हणावे. पण तो कधी नव्हताच, असे म्हणू नये.

आणि व्हायोलिनबद्दलच बोलायचे तर मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे उदाहरण घ्या. सरोद हे त्यांचे मुख्य वाद्य, पण व्हायोलिनही ते वाजवत. पाच वक्तांचे नमाजी. त्यांच्या घरची बरकत कुठे गेली? ती अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी अशी जगभर पसरली. आपले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग हेही त्यांच्याकडे शिकले.

थोडे दूरवर, इराणात जाऊन येऊ. कारण आमच्याकडे धर्माची गोष्ट निघाली की बोट नेहमी बाहेरच्या मुस्लिम देशांकडे दाखवले जाते. तेहरानमध्ये अबुल हसन सबा नावाचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार होऊन गेले. 1902 ते 1957 हा त्यांचा काळ. वडील वैद्यकी करणारे आणि संगीताचे शौकीन. मुलाला सेतारचे पहिले धडे त्यांनीच दिले. पुढे सबांनी मिर्झा अब्दुल्लांकडे, दरवेश खाँकडे सेतार शिकून घेतली, कमानचा शिकले, व्हायोलिन शिकले. व्हायोलिन तर फिरंग्यांचे वाद्य. पण सबांनी त्याच्या चार तारांवर इराणी दस्तगाहांचे ते सगळे सूक्ष्म सूर बसवले, जे पियानोच्या पट्टीत सापडत नाहीत. हातातला गज युरोपचा राहिला आणि आवाज इराणी झाला. 1927 च्या सुमारास त्यांना संगीतशाळा काढण्यासाठी गिलान प्रांतात, रश्तला पाठवण्यात आले. तिथे शाळा चालवून ते थांबले नाहीत. डोंगरातल्या गावांत हिंडून त्यांनी मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या चाली ऐकल्या व लिहून घेतल्या. ‘देयलमान’सारखी गावरान चाल त्यांच्यामुळे अभिजात संगीतात जाऊन बसली. मग त्यांनी व्हायोलिन, संतूर आणि सेतार यांच्यासाठी रदीफची पुस्तके तयार केली. पूर्वी जे उस्तादाच्या छातीत होते, ते शागीर्दाच्या वहीत आले. अली तजवीदी, परवीज याहक्की, हबीबुल्ला बदीई हे नामांकित व्हायोलिनवादक त्यांचेच शागीर्द. संतूरचे फरामर्ज पायवर आणि तोंबकचे हुसेन तेहरानी हेही त्यांच्याच तालमीतले.

पुढे 1979 ची क्रांती झाली. संगीतावर बंधने आली, बाईच्या एकल गायनावर तर फारच कडक आली, सरकारी दूरचित्रवाणीवर वाद्य दाखवणेही टाळले जाऊ लागले. पण सबांचे तेहरानमधले राहते घर 1974 मध्ये संग्रहालय झाले होते, ते राहिले. त्यांच्या पुस्तकांवरून मुले शिकत राहिली. ज्या देशात राज्यच धर्मगुरूंच्या हाती गेले, तिथल्या मुसलमानांनी आपला व्हायोलिनवाला टिकवला, कारण त्यांनी त्याला वेळेवर लिहून ठेवले होते. आमच्याकडे कोणी बंदी घातलेली नाही. आम्ही आपण होऊन व्हायोलिन कपाटावर ठेवतो.

इराणचे नाव निघालेच आहे, तर अमीर खाँकडे वळताना फारसीचाच धागा धरू. तराणा हा प्रकार सगळ्यांनी ऐकलेला असतो: तोम, तनन, दिर दिर. संगीताच्या वर्गात शिकवतात की हे निरर्थक बोल आहेत. अमीर खाँना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की ही अक्षरे मुळात फारसी-अरबी आहेत, आणि सूफींच्या जिक्राशी त्यांचे नाते आहे. ‘दर’ म्हणजे आत, ‘दर आ’ म्हणजे आत ये, ‘तन’ म्हणजे देह, ‘दानी’ म्हणजे तू जाणतोस, ‘यला’ म्हणजे या अल्लाह. म्हणजे ज्याला आपण शब्दखेळ समजतो, ती देहात ये म्हणून केलेली विनवणी आहे. या मतावर विद्वानांत वाद आहेत आणि असावेत. पण ज्याला शाळा फारशी लाभली नाही असा हा गवई आयुष्यभर तराण्याचा शोध घेत राहिला, त्यावर लेख लिहिला, आणि आपल्या तराण्यांत फारसी रुबाया बांधून गायला, ही गोष्ट वादातीत आहे.

त्यांचा हंसध्वनीतला तराणा ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी जरा थांबून विचार करावा. हंसध्वनी हा कर्नाटक पद्धतीतला राग, रामस्वामी दीक्षितांचा. त्याला उत्तरेत आणले मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांनी. त्यात फारसी काव्य बसवले अमीर खाँनी. तामीळ ब्राह्मणाचा राग, मुंबईच्या मुसलमान मोहल्ल्यातली तालीम, फारसी शब्द आणि गाणारा कदाचित अकोल्यात जन्मलेला. यातला कोणता तुकडा ‘त्यांचा’ आणि कोणता ‘आपला’ ते कोणी आम्हाला कात्रीने कापून दाखवावे.

कात्रीच चालवायची तर मेरुखंडावरही चालवून बघा. सात स्वरांच्या उलटापालटीने 5040 ताना होतात. त्या मांडण्याची रीत शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी लिहिला गेला. लिहिणाऱ्याचे घराणे काश्मिरातून दख्खनेत आलेले. तो ग्रंथ संस्कृतात राहिला, पंडितांनी त्यावर टीका लिहिल्या. पण मेरुखंड गळ्यात कोणी ठेवला? भेंडीबाजारच्या मुसलमान गवयांनी ठेवला. अमीर खाँचे वडील शहामीर खाँ यांनी त्याच घराण्याच्या छज्जू खाँ, नजीर खाँ यांच्याकडून विद्या घेतली होती. त्यांनी पोराकडून हा मेरुखंड वर्षानुवर्षे घोटून घेतला. देवगिरीची विद्या शहामीर खाँच्या घरात जिवंत होती. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात या घराला किती ओळी मिळाल्या, हे ज्याने त्याने आपापल्या कपाटातली पुस्तके काढून मोजावे.

अमीर खाँचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण आमच्या मुलांना ते कोणी सांगितलेले नाही. वडील सारंगिये. पोर लहान असतानाच कुटुंब इंदुरात आले आणि शहामीर खाँ होळकरांच्या दरबारी रुजू झाले. मूल नऊ वर्षांचे असताना आई गेली. आधी सारंगी, मग गाणे. मामा तबलजी, त्यांच्याकडून तबला. घरी गवयांची, बीनकारांची ऊठबस. 1934 च्या सुमारास मुंबई. मग रायगडच्या महाराजा चक्रधरसिंहांची नोकरी. महाराजांनी त्यांना मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गायला पाठवले. तिथे पंधरा मिनिटांत श्रोत्यांनी हुर्यो केली. आयोजक म्हणाले ठुमरी गा. हे म्हणाले, माझे मन तिकडे जात नाही, आणि उठून आले. जी गायकी त्या दिवशी लोकांना सोसवली नाही, तीच पुढे त्यांनी आणखी संथ केली. झुमरा तालात, अतिविलंबित लयीत, घाई न करता एकेका स्वराला वेळ देत मारवा गाणे म्हणजे काय, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत ऐकावे. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. टाळ्या मागणारे त्यात काही नाही. ‘सूररंग’ या मुद्रेने त्यांनी स्वतःच्या बंदिशी बांधल्या. 1967 ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1971 ला पद्मभूषण. 13 फेब्रुवारी 1974 रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात मृत्यू. त्यांची कबरही तिथेच. फाळणीनंतरही हा माणूस इथेच राहिला.

आता दुसरे दार, मराठी रसिकांचे. मराठी माणसाचे खाँसाहेबांवर प्रेम आहे, हे आम्ही नाकारत नाही. मिरजेत अब्दुल करीम खाँच्या नावाने लोक जमतात, कोल्हापुरात अल्लादिया खाँचा पुतळा आहे, गोविंदराव टेंब्यांनी अल्लादिया खाँचे चरित्र मराठीत लिहिले. करीम खाँनी 1913 ला पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांच्या शागिर्दीतून सवाई गंधर्व आले, सवाई गंधर्वांकडून भीमसेन आणि गंगूबाई. भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा तिघा मुसलमान उस्तादांकडून जे घेतले, ते नाट्यसंगीतातून घराघरांत गेले. गजाननराव जोशींना विलायत हुसेन खाँ आणि भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली, आणि त्यांच्या व्हायोलिनने महाराष्ट्राचे कान घडवले. हे सगळे खरे. पण मराठी आठवणींच्या पुस्तकांतले खाँसाहेब कसे असतात? पान खाणारे, मोडकेतोडके हिंदी बोलणारे, भोळे, लहरी, हिशेब न कळणारे. गळा दैवी आणि डोके लहान मुलाचे. त्यांची विद्या घ्यायची आणि त्यांची बुद्धी नाकारायची, असा हा व्यवहार आहे.

पंडित भातखंड्यांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. गावोगाव हिंडून त्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि आपला मोठा ग्रंथसंभार मराठीत छापला. ते नसते तर कितीतरी बंदिशी मातीत गेल्या असत्या. पण मुसलमान उस्ताद म्हणजे अडाणी, त्याला शास्त्र ठाऊक नाही, हा समजही त्याच काळच्या लेखनातून पक्का झाला. ज्याच्या गळ्यात मेरुखंडाच्या 5040 ताना आहेत तो अडाणी, आणि ज्याने त्या कागदावर मोजल्या तो शास्त्री!

1952 च्या ‘बैजू बावरा’ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी. बैजूसाठी द. वि. पलुसकर गायले, तानसेनसाठी अमीर खाँ. कथेप्रमाणे तानसेन हरतो. म्हणजे त्या वेळी कीर्तीच्या शिखराकडे निघालेला हा उस्ताद हरणाऱ्याचा आवाज झाला, आणि तेही मनापासून, आपल्याहून वयाने लहान असलेल्या गवयाला पुढे जाऊ देत. संगीत नौशादचे. त्यात अमीर खाँना कमीपणा वाटला नाही. 1955 मध्ये व्ही. शांताराम आणि वसंत देसाई यांनी ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत त्यांनाच गायला लावले. शांताराम आणि देसाई मराठी, आवाज या उस्तादाचा. हे असे मिसळलेपण आपण तिकीट काढून बघितले आणि घरी येऊन विसरलो.

विसरणे इतकेच असते तर गोष्ट वेगळी होती. 2002 मध्ये गुजरातेत जे घडले, त्यात बडोद्याला उस्ताद फैयाज खाँच्या मजारीवर हल्ला झाला आणि अहमदाबादेत वली दखनीची मजार पाडून तिच्यावर डांबर ओतले गेले. वली, ज्याला आपण वली औरंगाबादी म्हणतो, तो आपल्याच मराठवाड्याचा. जमावाला एक गवई आणि एक कवी का टोचला? ‘हे इथले नाहीत’ असे म्हणायला या दोन कबरी अडचणीच्या होत्या म्हणून. दंगलखोरांना जी गोष्ट कळली, ती आम्हाला अजून कळत नाही. आमच्या इथलेपणाचा पुरावा आमच्या गवयांजवळ आहे.

भाषेतही तो आहे. वऱ्हाडातला कुणब्याचा पोरगा कुस्ती शिकायला ‘तालमीत’ जातो आणि ‘वस्तादा’च्या पाया पडतो. हे दोन्ही शब्द उस्ताद-शागीर्दांच्या जगातून आलेले. मैफल, साज, आवाज, दाद, सनई, नगारा, शाहीर, हे शब्द काढून टाकून कोणी मराठी गाण्याचे एक पान लिहून दाखवावे. अचलपूरच्या इमादशाहीपासून या मुलखाच्या कारभारात फारसी होती. बाळापूरला नक्शबंदी खानकाह होती. ती फारसी दप्तरातून गेली पण जिभेवरून गेली नाही.

आता तिसरे दार, आमचे स्वतःचे. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही लिहितो आहोत आणि जे लिहिले त्याची आम्हाला लाज नाही. तलाक लिहिला, दंगल लिहिली, मोहल्ल्यातली गरिबी लिहिली, पोलिसांची नजर लिहिली, संशयाने पाहणारा शेजारी लिहिला. ते लिहिणे भागच होते. पण आम्ही आमच्या जखमा लिहिल्या आणि आमचा रियाज लिहायचा राहिला. आमच्या कथांतला मुसलमान सोसतो, रडतो, क्वचित बंड करतो. तो पहाटे उठून खर्ज लावताना किती कथांत दिसतो? शाहीर अमर शेखांचे नाव आम्ही दर संमेलनात घेतो, पण त्यांच्या आवाजाची, त्यांच्या चालींची चिकित्सा आमच्यापैकी कितींनी केली?

याचे एक कारण आम्ही बोलायला कचरतो. सारंगिये, तबलजी, कव्वाल, ढोलवाले हे बहुतेक मिरासी, डोम, फकीर अशा बिरादऱ्यांतले. अश्रफ म्हणवणारे त्यांना हलके समजत. ‘गाना-बजाना शरीफों का काम नहीं’ हे वाक्य वरून धर्माचे दिसते, आतून ते जातीचे आहे. सारंगी कोठ्यावर वाजली म्हणून सारंगियाची पोरे कमी लेखली गेली. त्यातली कित्येक आपले नाव, आडनाव, पेशा लपवत मोठी झाली. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा आम्ही बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन यांच्या पोटाचा प्रश्न मांडला, तो योग्यच होता. त्यांच्या हातातल्या आणि गळ्यातल्या कलेचा प्रश्न मात्र बाजूला राहिला. अमीर खाँ सारंगियाचे पुत्र होते. त्यांच्याविषयीचे आमचे मौन हे धार्मिक मौन आहे, असे आम्ही स्वतःला सांगत आलो. त्यात जातीचा वाटा किती, हे एकदा तपासून पाहू.

आम्हाला उत्तर ठाऊक आहे. लोक म्हणतील, 2006 चा सच्चर अहवाल वाचा. शाळागळती वाचा, बँकेच्या कर्जाचे आकडे वाचा. पोरांना नोकरी नाही आणि तुम्ही तराण्याच्या गोष्टी करता? आमचे म्हणणे असे की गाणारा माणूस गरीब असतो, हे आम्हाला कोणी शिकवू नये. अकोल्या-अमरावतीकडे लग्नाच्या हंगामात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा म्हातारा चाचा बघा. नवरदेव कोणत्याही धर्माचा असो, वरातीपुढे हा चालतो. त्याला नोटेशन येत नाही, पण पिलू आणि भैरवी येते. त्याची पोरे आता डीजेची गाडी हाकतात. त्याची विद्या ही विद्या आहे असे समाजाने म्हटले असते, तर त्याला शाळेत चार पैशांची नोकरी मिळाली असती. भाकरी आणि सूर यांत भांडण लावणाऱ्यांनी आधी या चाचाचा हिशेब द्यावा. आणि नववीतली ती पोरगी? व्हायोलिन कपाटावर ठेवल्याने तिची गळती थांबणार आहे काय? उलट जिच्या हातात एक गोष्ट चांगली येते, ती पोरगी शाळेत टिकते. शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्या बहुतांशी आमच्याकडेच आहेत.

पहिली, अकोल्याच्या जन्माचा प्रश्न कोणीतरी हाती घ्यावा. 1912 च्या नोंदी, जुन्या वस्त्यांतल्या बुजुर्गांनी ऐकलेल्या गोष्टी, इंदुरातली कागदपत्रे पाहावीत आणि जे निघेल ते प्रामाणिकपणे छापावे. अकोला निघाले तर आनंद, कलानौर निघाले तरी शोध वाया जात नाही. वऱ्हाडाच्या एका तरुणाला संशोधन कसे करतात ते कळेल.

दुसरी, अमरावती विद्यापीठात संगीत शिकवले जाते. तिथल्या आमच्या मुलामुलींनी प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या मोहल्ल्याकडे पाहावे. सबा रश्तच्या डोंगरात गेले तसे कोणी मेळघाटाच्या पायथ्याशी, दर्यापूर-अंजनगावच्या खारपाणपट्ट्यात, बाळापूर-पातूरच्या मोहल्ल्यांत जावे. मुसलमान बायका लग्नात, हळदीत जी दखनी-वऱ्हाडी गाणी म्हणतात, मोहरमच्या दिवसांत जे म्हटले जाते, उरुसात गावचा कव्वाल ज्या चालीवर सुरुवात करतो, ते सगळे आधी ध्वनिमुद्रित करावे आणि मग स्वरलिपीत लिहावे. म्हातारी माणसे वाट पाहत थांबत नाहीत.

तिसरी, आमच्या लेखक मित्रांना. पुढच्या अंकासाठी एक गवई, एक सारंगिया, एक बँडवाला लिहा. तो गरीब आहे म्हणून लिहू नका, त्याला काय येते ते लिहा. राग कोणता, बोट कसे ठेवतो, गज कुठे दाबतो, उस्तादाने पहिल्या दिवशी काय सांगितले. हे लिहायचे तर तुम्हाला त्याच्याजवळ बसावे लागेल आणि काही शिकावे लागेल.

चौथी, मौलवीसाहेबांना, आणि ती अदबीने. मनाई जरूर सांगा, पण सोबत गझालींचे प्रकरणही सांगा, खुलदाबादही सांगा. पोरांना दोन्ही बाजू कळू द्या. त्यांना अक्कल आहे.

पाचवी मराठी शाळांना आणि संगीतसभांना. कव्वाली आम्हाला प्रिय आहे, ती आम्ही गाऊ. पण आमच्या मुलीला कव्वालीपुरती ठेवू नका. ख्याल तिच्याही वडिलोपार्जित मिळकतीतला आहे, आणि मिळकतीत मुलींचा वाटा असतो हे तर आमच्या शरियतनेच सांगितले आहे.

त्या घरी आम्ही नंतर गेलो होतो. व्हायोलिन अजून कपाटावरच होते, पेटीवर धूळ होती. आम्ही बापाला अमीर खाँचे नाव विचारले. तो म्हणाला, ‘‘वो पिक्चरवाले आमिर खान?’’ आम्ही त्याला हसलो नाही. त्याला दुसरे नाव सांगायचे काम ज्यांचे होते, ते आम्हीच. दोन तास बसून सांगितले, मारवा ऐकवला. शेवटी तो एवढेच म्हणाला, ‘‘ये अकोले के थे?’’ आम्ही म्हणालो, शोधतो आहोत. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. व्हायोलिन त्या दिवशी खाली आले नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.